जोडीतला डावा

धाकटीने उजव्या हातात मोजा चढवला, पर्समधून गोळ्यांची जुनी डबी काढली, डबीतला गुलाबाचा एक काटा निवडला आणि दुकानदार बघत असतानाच तो डाव्या हाताने मोज्याच्या अंगठ्याशी दाबला. काटा आधी मोज्यात शिरला आणि मग धाकटीच्या हातात.

"हाही गेला," ती म्हणाली.

"गेला म्हणजे? अहो बाई, नवाकोरा माल आहे."

"नवाकोराच गेला. याच्याहून जाड दाखवा."

दुकानदाराने आतापर्यंत सहा जोड दाखवले होते. एक रबरी, एक कापडावर रबर चढवलेला, एक फुलाफुलांचा, जो बघताक्षणीच धाकटीने बाजूला सारला होता, आणि उरलेले असे की ज्यांच्याबद्दल त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, काटा काय, खिळा शिरणार नाही. खिळ्याचं माहीत नाही, काटा मात्र शिरला होता. फावडी, झाऱ्या आणि खताच्या गोण्या यांच्यामध्ये उभी राहून ही बाई त्याच्या मालाला भोकं पाडत होती, आणि भोक पडलेला प्रत्येक जोड बिनतक्रार विकतही घेत होती. त्यामुळे तिला धड हाकलताही येईना.

"तुम्हाला मोजे घालून करायचंय तरी काय?" त्याने शेवटी विचारलं.

"गुलाबाला डोळे भरायचेत. सोमवारपासून."

"मग हेच नेतात की सगळे."

"सगळ्यांना चालतात. माझ्या जावेला चालणार नाहीत."

आता ही जाऊ म्हणजे काय प्रकरण आहे, ते सांगायलाच हवं. धाकटी आणि थोरली यांच्या घरची गुलाबाची रोपवाटिका होती. नवरे गाडी भरून रोपं पोचवायचे, गिऱ्हाइकांशी गोड बोलायचे आणि आपणच सगळं चालवतो अशा थाटात हिंडायचे. गुलाब तयार व्हायचा तो या दोघींच्या हाताखाली. जंगली गुलाबाचा खुंट वाढवायचा, त्याच्या सालीला चाकूने चीर द्यायची, चांगल्या जातीच्या गुलाबाचा एक डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतला कोंब, सालीसकट त्या चिरेत सरकवायचा आणि वरून पट्टी आवळायची. ऐकायला सोपं वाटतं. पण जंगली गुलाब हे महा खवट झाड. त्याच्या फांद्या एका हाताने दाबून धरल्या, तरच दुसरा हात बुंध्यापर्यंत पोचतो. धरणाऱ्या हाताला मोजा लागतो. काम करणारा हात उघडाच हवा, कारण डोळा मसुरीच्या दाण्याएवढा असतो आणि तो नीट बसला की नाही हे बोटांनाच कळतं.

थोरली उजव्या हाताची, म्हणून ती डाव्याने फांद्या धरायची. धाकटी डावखुरी. लग्न होऊन आली त्या पहिल्या वर्षी थोरली रोज सकाळी तिच्या डाव्या हातातला चाकू काढायची आणि एक शब्दही न बोलता उजव्या हातात द्यायची. रागाने नाही, शिस्त म्हणून. धाकटी मुकाट्याने घ्यायची आणि थोरलीची पाठ वळली की हात बदलायची. मग एका हंगामात घरात मोज्यांचा एकच धड जोड उरला. थोरलीने डावा घेतला, धाकटीने उजवा, आणि दोघी एका खुंटाशी शेजारी शेजारी बसल्या. बाहेरचे दोन हात मोज्यातले, आतले दोन उघडे. थोरलीच्या उजव्याने डोळा बसवायचा, धाकटीच्या डाव्याने पट्टी फिरवायची. लांबून बघणाऱ्याला वाटावं की एकच बाई बसलीय. त्या दिवशी दुपारपर्यंत दोन वाफे संपले. त्यानंतर थोरलीने धाकटीच्या हातातला चाकू कधी काढून घेतला नाही. आपलं चुकलं असंही ती म्हणाली नाही, पण थोरलीकडून तेवढं होणं म्हणजेसुद्धा पुष्कळ होतं. त्याला आता बावीस वर्षं झाली. बावीस वर्षं दोघींनी मोज्यांचा एक जोड दोघींत घातला.

मोजे मात्र कधी टिकले नाहीत. पंधरा दिवसांत अंगठ्याशी फाटायचे. मग सुईदोरा, मग चिकटपट्टी, मग पुढचा जोड. गेल्या हंगामात थोरलीच्या डाव्या अंगठ्याच्या सांध्यात काटा मोडला. दोन दिवस तिने कुणाला सांगितलं नाही आणि तिसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला. डॉक्टरांनी अंगठा कापून पू काढला. अंगठा वाचला, जरा वाकडा राहिला. "या हातात आणखी एक काटा गेला, तर अंगठ्याचं मी सांगू शकत नाही," असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. थोरलीने घरी येऊन आपला चाकू पुसला, कपाटात ठेवला आणि जाहीर केलं की यापुढे ती खुर्चीवर बसून रोपांना नावाच्या चिठ्ठ्या बांधेल.

थोरली चिठ्ठ्या बांधणार, हे ऐकून धाकटी मोरीत जाऊन रडली होती. कामाचा प्रश्न नव्हता. रोजावर बाई मिळाली असती, फार तर थोडं काम कमी झालं असतं. पण तिला शेजारी थोरली हवी होती. सकाळपासून दुपारपर्यंत जे काही बोलायचं असतं, ते ती बावीस वर्षं त्या एका माणसाशी बोलत आली होती. तेव्हा काटा शिरणारच नाही असा मोजा शोधायचा, एवढंच तिला सुचलं आणि तिने तेच धरून ठेवलं.

आठवा जोड वाया गेल्यावर थोरली म्हणाली होती, "पुरे गं बाई. असा मोजा अजून जन्माला यायचाय."

तेव्हापासून धाकटी रोज दुपारी दाताच्या डॉक्टरकडे जात होती. म्हणजे घरी तसं सांगत होती. तीन आठवडे एकच दात दुखतोय, यावर थोरलीने एकदाही शंका काढली नाही. उलट जेवण आटोपलं की तीच म्हणायची, "जा बाई, दाताचं दुखणं अंगावर काढू नये."

दुकानदाराने फुलाफुलांचा जोड परत खोक्यात भरला. मग बहुधा या बाईपासून सुटका व्हावी म्हणूनच तो म्हणाला, "एक करा. लोखंडी कपाटांचा कारखाना आहे ना, त्याच्या मागच्या गल्लीत एक बाई मोजे शिवते. जनावरांच्या दवाखान्यातले लोक तिच्याकडून नेतात. बिथरलेली मांजरं धरायला."

धाकटीने त्याचे आभार मानले की नाही, तिला आठवलं नाही. ती तेव्हा रस्त्यावर पोचली होती.

मोजेवालीची खोली लहान, एका खिडकीची. भिंतीवर खिळ्यांना कातड्याचे हात टांगलेले. ती स्वतः साठीच्या पुढची, चष्म्याला दोरी बांधलेली. धाकटीने डबी उघडून काटा पुढे केला, तर तिने त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"जुने मोजे आणलेस?"

आणले होते. मोजेवालीने ते खिडकीपाशी नेले, उलटे केले, बोटं घालून पाहिलं.

"काटा कातड्यातून शिरत नाही," ती म्हणाली. "शिवणीतून शिरतो. कारखानेवाले अंगठ्याची शिवण नेमकी धरायच्या जागी आणतात. त्यांना सोपं पडतं. जाड मोजा घेऊन काय करशील? शिवण तिथेच असणार."

धाकटीने इतके जोड फोडले होते, पण शिवणीकडे कधी पाहिलंच नव्हतं.

"मग तुम्ही?"

"मी शिवण बोटाच्या पाठीवर घेते. तळव्याला जाड कातडं, टोकांना बकरीचं, वर कोपरापर्यंत बाही." तिने दोन्ही मोजे शेजारी ठेवले. "हा डावा एकीचा आहे आणि उजवा दुसरीचा."

"तुम्हाला कसं कळलं?"

"डाव्याची बोटं टोकाला फाटलीत. हात मोठा आहे. उजव्याची टोकाला रिकामी दुमडलीत. डावखुरी कोण?"

"मी," धाकटी म्हणाली. सत्तेचाळिसाव्या वर्षीसुद्धा हे सांगताना तिचा आवाज जरा खाली आला.

"असू दे. मला दोघींची मापं लागतील. तुझं आत्ता घेते. तिचा हात कागदावर काढून आण, डावा. आणि परत येताना ही डबी नको. आख्खी फांदी आण."

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर थोरली जरा लवंडली. डोळा लागताच धाकटी कागद-पेन्सिल घेऊन तिच्याजवळ गुडघ्यांवर बसली. डावा हात पलंगाच्या कडेला पालथा पडला होता. तिने त्याखाली कागद सरकवला आणि करंगळीपासून सुरुवात केली. श्वास रोखून एकेक बोट केलं. अंगठ्याशी आली तशी तिची पेन्सिल थांबली. सांध्यावरचा व्रण अजून गुलाबी होता आणि अंगठा आत वळलेला. तो सरळ काढून चालणार नव्हतं, जसा आहे तसाच काढायला हवा होता. तिने तो तसाच काढला आणि तिला एकदम भरून आलं.

"मुंग्या झाल्यात बघ घरात," थोरली झोपेतच म्हणाली आणि कूस बदलली.

कागद मोजेवालीकडे पोचला आणि शुक्रवारी मोजे तयार झाले. धाकटीने वर्तमानपत्रात गुंडाळून जंगली गुलाबाची हातभर फांदी नेली होती. बसमध्ये तिच्या शेजारी कुणी बसलं नाही. मोजेवालीने तिच्या हातात उजवा मोजा चढवला, बाहीचा बंद कोपराशी आवळला आणि म्हणाली, "धर आणि ओढ."

धाकटीने फांदी मुठीत धरली.

"अशी नाही. काय फुलं वेचतेस? जोर लाव."

तिने डोळे मिटले आणि सगळा जोर लावून फांदी मुठीतून ओढून काढली. काटे तटातट तुटून जमिनीवर पडले. तिने मोजा काढला. तळहात उलटसुलट करून पाहिला, बोटांच्या बेचक्यांत पाहिलं, अंगठा चोळून पाहिला. ओरखडासुद्धा नव्हता. मग थोरलीचा डावा चढवला आणि दुसऱ्या टोकाने फांदी पुन्हा ओढली. तो मोजा तिला मोठा होत होता, अंगठ्याशी वाकलेला होता, आणि आत तिचा हात अगदी सुखरूप होता. धाकटी हसायला लागली ती थांबेचना. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा मोजेवाली तिला स्टुलावर बसवून म्हणाली, "पाणी पी. मांजरवाले एवढे खूश होत नाहीत."

बसची वाट बघण्याइतका धीर तिला नव्हता. ती निम्मा रस्ता चालत गेली आणि उरलेला जवळजवळ पळत. वाटेत चार वेळा पिशवीत हात घालून डावा मोजा जागेवर आहे ना हे तिने पाहिलं. सोमवारी सकाळी थोरलीच्या पुढ्यात तो ठेवायचा, असं आधी ठरलं होतं. सोमवारपर्यंत कोण थांबणार? आत्ताच द्यायचा. ती काय म्हणेल हेही धाकटीला माहीत होतं. म्हणेल, बाही लांब आहे. आणि मग चाकू काढायला कपाटाकडे जाईल.

ती रोजच्यापेक्षा तासभर लवकर पोचली. मागच्या फाटकातून आत शिरली तर शेडचं दार अर्धं उघडं होतं.

थोरली बाकावर बसली होती. समोर वाळूने भरलेली बादली आणि वाळूत खोचलेल्या काड्या. धाकटीचाच एक फाटका मोजा तिने उजव्या हातात चढवला होता आणि त्या हाताने काही जुनाट फांद्या बाजूला दाबून धरल्या होत्या. डाव्या हाताने ती काडीवर पट्टी गुंडाळत होती. जीभ दातांत धरलेली. अंगठा वाकडा, त्यामुळे पट्टी दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली. थोरलीने ती काडी सोडली आणि बादलीतली पुढची घेतली.

बादलीत पन्नासेक काड्या तरी असतील. पहिल्या काड्यांच्या पट्ट्या म्हणजे शाळेतल्या मुलाने बांधल्यासारख्या, ढिल्या, लोंबणाऱ्या. मधल्या बऱ्या होत्या. अलीकडच्या चारपाच तर अशा, की लांबून त्या धाकटीला आपल्याच वाटल्या. हे एका दुपारचं काम नव्हतं. दाताच्या डॉक्टरकडे जा म्हणून रोज घाई का व्हायची, ते आता तिच्या लक्षात आलं.

दार करकरलं. थोरलीने वर पाहिलं आणि पट्टी पदराखाली घ्यायला गेली, पण उशीर झाला होता.

"दात काढला का?" तिने विचारलं.

"नाही. दुखायचा थांबला."

"हसू नकोस."

"नाही हसत, ताई."

"डॉक्टरांनी डाव्या हाताला काटे नकोत म्हटलंय," थोरली जरा तोऱ्यातच म्हणाली. "काम नको असं कुठे म्हटलंय? फांद्या उजव्याने धरीन. तो धट्टाकट्टा आहे. काटा टोचला तर टोचला. चिठ्ठ्या बांधत बसू होय मी? तू एकटी तिकडे आणि मी इकडे खुर्चीत. चार दिवसांत खुळावले असते."

धाकटीचा हात पिशवीत होता. बकरीचं मऊ कातडं बोटांना लागत होतं. नुसता बाहेर काढायचा अवकाश होता. तो चढवला की काम करायला थोरलीचा उजवा हात मोकळा आणि या पन्नास काड्या केराच्या टोपलीत.

थोरलीने डाव्या हाताची बोटं उघडमीट केली.

"आधी वाटायचं, हा हात माझा नव्हेच. मेंदूने सांगावं एक आणि याने करावं भलतंच." ती बादलीकडे बघत होती. "मी तुझा चाकू उजव्या हातात द्यायचे, तेव्हा तुलाही असंच व्हायचं का गं?"

"हो."

"कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

थोरलीने नवी काडी घेतली, पट्टी फिरवली, आणि ती टोकाशी येऊन पुन्हा सुटली. तिने पट्टी उचलून धाकटीपुढे धरली.

"शेवटचा पेच सुटतो माझा. तुझा कसा बसतो ते दाखव. सावकाश कर. मला दिसायला हवं."

धाकटीने पिशवीतून हात बाहेर काढला. रिकामाच. पिशवी तिने पायाने बाकाखाली सरकवली आणि बावीस वर्षांच्या सवयीने थोरलीच्या शेजारी, तिच्या उजव्या बाजूला बसली. पण हात पुढे केले तशी दोघींची कोपरं एकमेकींवर आदळली. दोघींनी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा आदळली.

"असं नाही जमायचं," थोरली म्हणाली. ती उठली, स्टूल ओढून धाकटीच्या समोर येऊन बसली. "आता कर."

धाकटीने पट्टी डाव्या हातात घेतली. खालून वर, डोळा उघडा ठेवून, वरच्या वेढ्याखालून टोक आत आणि अंगठ्याने खाली ओढून. हे तिने हजारो वेळा केलं होतं, पण ते कुणी इतक्या लक्षपूर्वक बघितलं नव्हतं. थोरलीने तिच्याबरोबर दोनदा केलं, चारदा केलं. पाचव्यांदा तिचा पेच बसला. तिने तो ओढून पाहिला आणि मग धाकटीच्या तोंडाकडे पाहिलं. शाबासकीची वाट बघणारी थोरली धाकटीने आजवर कधी पाहिली नव्हती.

"बसला," धाकटी म्हणाली. "मस्त बसला, ताई. आता तुमचा उजवा हात द्या."

"कशाला?"

"मोजा शिवायला टाकते. एक बाई सापडलीय."

"दाताची?"

"हो, तीच."

थोरलीने फाटका मोजा काढला आणि धाकटीने पुढे केलेल्या कागदावर उजवा हात पसरून ठेवला.

शनिवारी सकाळी मोजेवालीने खोली उघडली, तेव्हा धाकटी पायरीवरच बसली होती. तिने डावा मोजा टेबलावर ठेवला. मोजेवालीच्या कपाळाला आठी पडली. तिने मोजा खिडकीपाशी नेला, उलटा केला, शिवणीवरून नख फिरवलं.

"काय खोट निघाली?"

"खोट काही नाही."

"घट्ट झाला?"

"घातलाच नाही. हा तुम्ही ठेवा, कुणाला तरी होईल." धाकटीने कागद पुढे सरकवला. पाचही बोटं ऐसपैस पसरलेला हात होता, पेन्सिलीची रेघ ठसठशीत. "मला याचा उजवा हवाय. एकच. उद्या संध्याकाळपर्यंत."

मोजेवालीने चष्म्यावरून पाहिलं.

"दोन उजवे? अगं, धरायला डावा लागतो तिला. तूच आणलंस ना माप?"

धाकटी स्टुलावर ताठ बसली. आज तिचा आवाज खाली आला नाही.

"माझी जाऊ डावखुरी आहे," ती म्हणाली.